रुक्मिणीचा बाप

देवीशिवाय देव अपुरा असतो. शक्ती नसेल तर शिव म्हणजे नुसता देह, आणि लक्ष्मी नसेल तर विष्णू म्हणजे समुद्रात आडवा झालेला एक गृहस्थ. पत्नी ही देवाच्या शेजारी बसवलेली शोभा नव्हे, ती त्याचं देवपण आहे. हे मी गेली बावीस वर्षं दर नवरात्रात आमच्या भजनमठात सांगत आलो आहे. भाषण पाऊण तासाचं असतं. माझी बायको अंबुजा हिनं ते अजून एकदाही ऐकलेलं नाही, कारण त्या वेळी ती मठाच्या मागच्या बाजूला श्रोत्यांसाठी हरभऱ्याचं सुंडल परतत असते.

श्रोते सुंडलासाठी येतात याची मला कल्पना आहे. पण भाषण संपल्याशिवाय सुंडल वाढत नाहीत, हा नियम मीच करून घेतला आहे.

मी सेतुमाधव. तंजावरच्या एका खासगी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो. आमचे पूर्वज एकोजीराजांच्या पाठोपाठ इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. गल्लीत अजून वीसेक मराठी घरं आहेत. सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. मी तिशीत पुण्याहून टपालानं धडे मागवून देवनागरी शिकलो. तेव्हापासून गल्लीत देवनागरीत काहीही आलं तरी ते माझ्यापुढे येतं. लग्नपत्रिका येतात, पंचांग येतं, एकदा गोडा मसाल्याचं पाकीट आलं होतं. चष्मा लावून, घसा साफ करून मी ते वाचून दाखवतो. एरवी कॉलेजात माझं कुणी ऐकत नाही, तेव्हा हे सुख मला सोडवत नाही. (आमच्या घरचं मराठी तुम्हांला जरा वाकडं वाटेल, म्हणून इथं मी ते बरंचसं सरळ करून लिहिलं आहे. अंबुजाचं मात्र करता आलं नाही. तिचं काहीच करता येत नाही.)

तर, आमच्या मठात दरवर्षी पंगुनी या तमिळ महिन्यात रुक्मिणीचं पांडुरंगाशी लग्न लागतं. त्याला इथं कल्याण म्हणतात. लग्नाआधी तीन दिवस रुक्मिणीची दीड वीत उंचीची मूर्ती आमच्या घरी येते, कारण आमचं घर तिचं माहेर. तिला न्हाऊमाखू घालायचं, नवं वस्त्र नेसवायचं, आणि तिसऱ्या दिवशी मठात नेऊन आम्ही नवराबायकोनं पाटावर बसून तिचं कन्यादान करायचं. मग भागवतर, म्हणजे मठाचे मुख्य भजनकार, मुलीच्या बापाच्या डोक्याला देवाच्या अंगावरची रेशमी पट्टी बांधतात. तिला परिवट्टम म्हणतात. ती डोक्यावर पाव तास राहते आणि मग काढून घेतात.

त्या पाव तासासाठी ही सगळी कथा आहे. माझे वडील वीजखात्यात कारकून होते. आयुष्यभर त्यांना येणारा-जाणारा बोलला. पण वर्षातून एकदा ते परिवट्टम बांधून पाटावर बसले की ज्यांनी त्यांना आठवडाभर फैलावर घेतलेलं असे, तेच लोक वाकून त्यांच्या पाया पडत. एकतीस वर्षं मी हे पाहिलं. भक्ती माझ्यात असेल, नाकारत नाही. पण मला हवी होती ती पट्टी.

वडील गेल्या वर्षी गेले आणि मला वर्षभराचं सुतक होतं, म्हणून आमच्याऐवजी माझा चुलतभाऊ वरुणराव आणि त्याची बायको कनकलता बसले. वरुणराव ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. परिवट्टम त्याला शोभलं. त्याला केस आहेत, त्यामुळे पट्टी घसरत नाही. मठातल्या काही मंडळींनी त्याच वेळी सुचवून पाहिलं की आता हा मान वरुणरावाकडेच राहू द्यावा. रिवाज असा की एखाद्या घराचा मान सलग दोन वर्षं चुकला तर तो कायमचा दुसऱ्या घरी जातो. म्हणजे या वर्षी मी बसलो तर बसलो. नाही तर पुढं जन्मभर वरुणरावाच्या पाया पडायचं.

मुहूर्त वधूपक्षानं ठरवायचा असतो. मठाचे सूर्यनारायण मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, तेच आमचे भागवतर. त्यांनी माझ्यापुढं दोन मुहूर्त ठेवले: गुरुवार सकाळ किंवा रविवार सकाळ. मी क्षणाचाही विचार न करता रविवार घेतला. रविवारी कॉलेजातले सहकारी येऊ शकतात आणि पट्टी जास्त लोकांना दिसते. पत्रिका तीन लिप्यांत छापून घेतल्या आणि संध्याकाळी पहिली पत्रिका मोठ्या अभिमानानं अंबुजाच्या हातात दिली.

अंबुजा ओरत्तनाडुच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. शाळेपासून जवळच मुक्तांबाळ छत्र, म्हणजे जुनी धर्मशाळा आहे. तंजावरच्या राजानं आपल्या आवडत्या स्त्रीच्या नावानं ते बांधलं. तिनं शेवटच्या आजारात ते मागितलं होतं म्हणतात. बाईचं मागणं नीट ऐकून घ्यायला राजांनाही तेवढी वेळ यावी लागली, हे वाक्य माझ्या भाषणात आहे आणि त्याला दरवर्षी हशा येतो.

अंबुजानं पत्रिका वाचली. उलटून मागची कोरी बाजूही वाचली. मग म्हणाली, "रविवारी मज ओरत्तनाडुला निवडणुकीचं ट्रेनिंग अहे. सकाळी नऊ ते चार. कागद आठ दिवस फ्रिजवर लावलाय."

मी फ्रिजकडे पाहिलं. कागद होता. त्याच्या शेजारी चुंबकाखाली माझ्या नवरात्राच्या भाषणाचं कात्रणही होतं, आणि मी रोज तेच बघत होतो.

"गुरुवारी मी रिकामी होते," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर."

विधानसभेच्या निवडणुकीत तिला मतदानकेंद्राची प्रमुख नेमलं होतं. ट्रेनिंग चुकवलं तर नोटीस येते. मी म्हटलं, यातून मार्ग काढतो. ती म्हणाली, सरी, म्हणजे बरं, आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन निवडणुकीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की घरात मुलीचं लग्न असेल तर सूट मिळू शकते, पत्रिका जोडा. मी पत्रिका पुढं केली. बाईंनी वधूचं नाव पाहिलं, वराचं नाव पाहिलं, आईबापांच्या जागी आमची नावं पाहिली, आणि कोणताही भाव चेहऱ्यावर न आणता विचारलं की मुलीचं हे पहिलंच लग्न का. मी इतिहासाचा माणूस, तारखांच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, दरवर्षी होतं. बाईंनी पत्रिकेवरचं रुक्मिणीचं चित्र डोळ्यांना लावलं, पत्रिका आपल्या पर्समध्ये ठेवली, आणि अर्ज मला परत केला.

मग मी शास्त्राकडे वळलो. सीता वनात असताना रामानं तिची सोन्याची मूर्ती शेजारी बसवून यज्ञ केला होता, हे कोण विसरेल. सोनं मला परवडणारं नव्हतं, पण सूर्यनारायण मामा म्हणाले की पत्नी गावाला असेल तर काही कार्यांत दर्भाची जुडी, जिला कूर्च म्हणतात, तिच्या जागी ठेवून चालतं. आपल्या मठात चालतं का ते मंडळींना विचारावं लागेल. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. घरी येऊन मी अंबुजाला आनंदानं सांगितलं की तुझी अडचण सुटली, तुझ्या जागी दर्भ ठेवू.

ती हळकुंडं निवडत होती. लग्नाआधी देवीसाठी हळद घरीच कांडायची असते.

"दर्भ शुक्रवारपासून येईल का?" तिनं विचारलं. "हळद कांडायची अहे. गुळाचं पानकम करायचंय. रुक्मिणीला दोन वेळा न्हाऊ घालायचंय."

मी म्हटलं, तसं नव्हे, दर्भ फक्त रविवारी सकाळी, तासभर.

"म्हणजे तुमच्यासारखाच," ती म्हणाली आणि हळद उन्हात ठेवायला गच्चीवर गेली.

शनिवारी सकाळी मठात मंडळी जमली. दहाबारा माणसं असतील. कनकलता आणि दोघीतिघी बायका कोपऱ्यात बसून हार ओवत होत्या. वरुणराव उभा राहून बोलला. तो दुकानात बसून बसून उभ्यानं बोलायला आसुसलेला असतो.

"अण्णा, तुम्ही मोठे, मी काय सांगू. पण गवत शेजारी घेऊन कन्यादान करणार? लोक काय म्हणतील? माझ्याकडे बायको अहे, ती गावात अहे, आणि ती गवत नाही."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. मी विचारलं की मठाच्या रिवाजात दर्भ चालत नाही असं कुठं लिहिलंय. वरुणरावानं विचारलं, चालतो असं तरी कुठं लिहिलंय. तेव्हा सूर्यनारायण मामांना आठवण झाली की कपाटात लाल फडक्यात बांधलेली एक जुनी वही आहे, तिच्यात कल्याणाचे नियम आहेत. माझ्या आजोबांनंतर ती कुणी सोडलेली नाही, कारण ती देवनागरीत आहे.

आता मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. या क्षणाची मी टपालानं धडे मागवले तेव्हापासून वाट पाहत होतो. मी उठलो, चष्मा पुसला, फडकं सोडलं. दर्भाचा उल्लेख असलेलं पान चटकन सापडलं. ते आधी मनात वाचून घ्यावं असं शहाण्या माणसाला सुचलं असतं. मी नवरात्राचा आवाज लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"रुक्मिणीचे माहेरचा मान गंगाबाईंचा. त्यांचे मागें घरचे सुनेचा, तिचे मागें तिचे सुनेचा. पाटावर तिणें स्वतां बसावें. घरधनी गांवीं नसला अगर आजारी असला तर त्याचे जागीं दर्भ ठेवून कार्य चालवावें."

गंगाबाई हे माझ्या पणजीचं नाव. इथं मला थांबता आलं असतं. खोलीत वाचता येणारा मी एकटाच होतो. पान उलटून 'पुढं पुसट आहे' असं म्हटलं असतं तरी कुणी शंका घेतली नसती. पण बावीस वर्षांची सवय वाईट असते. सुरू केलेलं मी संपवतो.

"तिचे जागीं कांहींही ठेवूं नये."

मंडळींतल्या दोघांचं मराठी कच्चं आहे. त्यांनी तमिळमध्ये सांगायला सांगितलं, तेव्हा मी ते सगळं पुन्हा एकदा तमिळमध्येही सांगितलं. तमिळमध्ये ते जास्त स्पष्ट होतं.

मग कोपऱ्यातून कनकलता म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षी मान माझा होता, आणि हे माझ्याबरोबर बसले होते." तिनं हे नवऱ्याकडे न बघता, सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं. वरुणरावाचा चेहरा माझ्यासारखाच झाला. इतक्या वर्षांत आम्ही दोघं भाऊ आहोत हे प्रथमच कुणाच्याही लक्षात आलं असतं.

माझे वडील एकतीस वर्षं माझ्या आईच्या शेजारी बसले होते. त्यांना हे ठाऊक असेल का, हा प्रश्न मी मनातल्या मनात विचारून तिथंच सोडून दिला. ते देवनागरी वाचत नव्हते. सुखी होते.

सूर्यनारायण मामांनी पंचांग पाहून निकाल दिला. रविवारी संध्याकाळी पाच चाळीस ते सहा वीस हाही मुहूर्त चांगला आहे. अंबुजा तोवर येऊन पाटावर बसली तर मान आमच्या घरात राहील. नाही आली तर कनकलता बसेल, आणि मग ते दुसरं वर्ष.

घरी गेलो तेव्हा अंबुजा रुक्मिणीला नेसवत होती. बोटभर रुंदीच्या साडीला ती निऱ्या घालत होती आणि मूर्तीशी हळू आवाजात काही बोलत होती. मी वहीत काय निघालं ते सांगितलं. मला वाटलं, ती हसेल, किंवा बावीस वर्षांच्या सुंडलाचा उल्लेख करील. तिनं निरी पुरी केली.

"सरी," ती म्हणाली. "मग तुम्ही येणार अहांत ना?"

मी म्हटलं, म्हणजे काय, मी बाप आहे.

"या की. जागा अहे."

रविवारी ती चारला उठली. रुक्मिणीचं न्हाणं, हार, पानकम, सगळं उरकून सात वाजता निघायच्या आधी तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या. मी आरशासमोर रेशमी धोतराचा काष्टा घालून बघत होतो. पहिल्या दोन गोष्टी ऐकल्या: दुपारी रुक्मिणीला झाकून ठेवा, आणि गॅस बंद करा. तिसरीच्या वेळी काष्टा सुटला.

साडेतीनलाच मी रुक्मिणीला मठात पोहोचवून तयार झालो. धोतराला खिसा नसतो, म्हणून फोन वरुणरावाकडे दिला. चार वाजले. माझ्यानं बसवेना. ओरत्तनाडुची बस पावणेपाचला नव्या बसस्टँडवर येते. तिथून गावात यायला अंबुजा टाऊन बसची वाट बघत राहिली तर? ऑटो मिळाला नाही तर? मी कुणालाच न विचारता स्कूटर काढली. बायकोला आणायला जातोय, हे मला वाटेत फार हृद्य वाटलं. भाषणात घालायचा विचारही मनात आला. खरं म्हणजे मी पट्टी आणायला चाललो होतो.

बसस्टँडवर रेशमी धोतर, उपरणं आणि कपाळावर गंध अशा वेषात मी उभा राहिलो. दोघांनी मला कुठल्या मंगल कार्यालयात जायचं ते विचारलं. पावणेपाचची बस आली, तिच्यात अंबुजा नव्हती. सव्वापाचची आली, तिच्यातही नव्हती. शेजारच्या माणसाचा फोन मागून घेतला, तेव्हा लक्षात आलं की मला बायकोचा नंबर पाठ नाही. मला फक्त वडिलांच्या वेळचा घरचा जुना नंबर पाठ होता, आणि तो फोन कापून अकरा वर्षं झाली होती. तो मी लावला. मग फोन परत दिला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

पावणेसहा वाजले. आता कनकलता बसली असेल. निदान बघायला तरी जावं, म्हणून मी परत फिरलो.

मठात शिरलो तेव्हा कन्यादानाचं पाणी सोडणं चालू होतं. पाटावर अंबुजा बसली होती. नऊवारीत, केस ओले, कपाळावर घाम. ओंजळीतून पाणी सोडताना तिनं रुक्मिणीकडे पाहिलं आणि ओठ हलवून तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. पाऊण तासाच्या भाषणात त्यातलं काही नाही, एवढं कळलं.

तिच्या शेजारच्या पाटावर दर्भाची जुडी होती.

सूर्यनारायण मामांनी मला पाहिलं आणि तळहात दाखवून तिथंच थांबायला सांगितलं. संकल्प झाल्यावर माणूस बदलता येत नाही. वरुणराव माझ्या कानाशी येऊन पुटपुटला की वहिनी सव्वापाचलाच आल्या, शाळेतल्या नंदिताबाईंच्या स्कूटरवर. "आम्ही तुम्हांला फोन केला, अण्णा. माझ्या खिशात वाजला." मुहूर्त जात होता, धनी जागेवर नव्हता, आणि वहीतला नियम तर मीच वाचून दाखवला होता. दोन भाषांत.

मामांनी परिवट्टम उचललं. ते क्षणभर घुटमळले. पण ते नेमके गृहस्थ आहेत. जो बसला त्याचा मान. त्यांनी पट्टी दर्भाच्या जुडीला दोन वेढे देऊन नीट बांधली. घसरली नाही. माणसं एकेक करून पुढं येऊ लागली आणि अंबुजाच्या व दर्भाच्या पाया पडू लागली. कॉलेजातले सहकारी आले होते. तेही पडले. रांगेतून मीही पुढं सरकलो.

नंतर अंबुजा पानकमाचा पेला घेऊन माझ्याकडे आली.

"कुठं होतात?"

"बसस्टँडवर."

"का?"

"तुला आणायला."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "सकाळी सांगितलं होतं. नंदिताबरोबर येते म्हणून."

"ऐकलं नाही."

"ते मज माहीत अहे," ती म्हणाली आणि पेला माझ्या हातात दिला. मान आमच्या घरात राहिला होता. ती रुक्मिणीचे माहेरचे दागिने उतरवायला आत गेली.

मी सूर्यनारायण मामांच्या शेजारी जाऊन बसलो. ते पाय चोळत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं की इतकी वर्षं आपण कल्याण करताय, आज मी नसल्यानं कार्यात काही फरक जाणवला का. मामांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि सांगितलं. दरवर्षीपेक्षा बारा मिनिटं आधी आटोपलं होतं.